दिल्लीची थंडी आणि भाड्याची खोली: विजेचा हीटर निवडताना

दिल्लीत जानेवारीचं सरासरी किमान तापमान ७-८ अंशांच्या घरात असतं. आकडा ऐकून नाशिक-निफाडकडचा माणूस म्हणतो, ‘यात काय, एवढी थंडी आमच्याकडेही पडते.’ पडते, पण आपल्याकडे दहा-अकरा वाजता ऊन येतं आणि घर थंडीतून सुटतं. इथे डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुक्याचे असे दिवस येतात की सूर्य दुपारपर्यंत दिसतच नाही. भिंती रात्रभर गार होतात आणि दिवसभर तशाच राहतात. त्यात इथली घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी: मोझेक नाहीतर मार्बलची फरशी, छताजवळ रोशनदान (उजेड-हवेसाठीचा झरोका), खिडकीला एकेरी काच. बंद खोलीतही पारा १२-१४ वर अडकतो आणि तासभर बसून लिहिलं की बोटं वळेनाशी होतात.

जुन्या राजेंद्र नगरात किंवा मुखर्जी नगरात अभ्यासाला आलेली मुलं असोत, नाहीतर नोएडा-गुडगावला नोकरीसाठी आलेली जोडपी, पहिल्या थंडीत सगळे एकच प्रश्न विचारतात: कमी वीज खाणारा हीटर कोणता?

याचं खरं उत्तर दुकानदार देत नाही. रॉडवाला हीटर, ब्लोअर, तेलाचा रेडिएटर, कोणताही घ्या, एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता निघते. हजार रुपयांच्या हीटरमधून जेवढी, तेवढीच बारा हजारांच्या हीटरमधून. ‘ऊर्जा वाचवणारं खास तंत्रज्ञान’ असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी यात फरक पडत नाही. अपवाद एकच, उलटा चालणारा एसी. त्याच्याकडे पुढे येतो. बाकी हीटरांमध्ये निवड करायची ती तीन गोष्टींवर: उष्णता कुणाला द्यायची आहे, किती वेळ, आणि दिलेली उष्णता खोलीत किती टिकते.

आधी बोर्ड बघा

दुकानात जाण्याआधी खोलीतले प्लगपॉइंट बघा. लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं, मोठ्या भोकांचं १६ अँपिअरचं, ज्याला इथे ‘पॉवर प्लग’ म्हणतात. २३० व्होल्टवर १००० वॉटचा हीटर साधारण साडेचार अँपिअर ओढतो, तो लहान सॉकेटवर चालतो. १५०० वॉटचा साडेसहा ओढतो, म्हणजे तिथेच मर्यादा ओलांडली. २००० वॉटचा पावणेनऊ. त्यामुळे २००० वॉटच्या हीटरला मोठा पिन असतो, आणि तो लहान सॉकेटमध्ये बसावा म्हणून बाजारात मिळणारं कन्व्हर्टर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

बऱ्याच भाड्याच्या खोल्यांत मोठं सॉकेट एकच असतं, तेही बाथरूमच्या बाहेर गीझरसाठी. तसं असेल तर निवड तिथेच झाली: १००० वॉटपर्यंतचं काहीतरी घ्या, किंवा घरमालकाला विचारून एमसीबीपासून (भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या मुख्य बटणापासून) स्वतंत्र वायर ओढून घ्या. जाड वायर हवी, अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची. इलेक्ट्रिशियन ‘एक नंबर की डाल देता हूँ, चल जाएगा’ म्हणाला (म्हणजे एक चौरस मिलिमीटरची) तरी ऐकू नका.

मग मीटरवर मंजूर भार किती आहे ते बिलावर वाचा, तिथे ‘सँक्शन्ड लोड’ असं छापलेलं असतं. २ किलोवॉट मंजूर असताना २००० वॉटचा हीटर आणि २००० वॉटचा गीझर सकाळी एकदम लावले तर एमसीबी पडेल. पडली नाही तर जास्त मागणीची नोंद मीटरमध्ये होते, आणि ती वारंवार झाली की वीज कंपनी मंजूर भार वाढवते. त्याबरोबर स्थिर आकारही वाढतो. ते बिल घरमालकाच्या नावावर येतं आणि वाद तुमच्या वाट्याला.

पीजीमध्ये राहत असाल तर ‘हीटर अलाउड नहीं’ ही अट आधीच विचारून घ्या. ती असेल तर थेट ब्लँकेटच्या भागाकडे जा.

मग भोकं बुजवा

हे काम हीटरपेक्षा आधीचं, आणि स्वस्त. एक उदबत्ती लावा आणि खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या खालच्या फटीजवळ, एसीचा पाइप भिंतीतून जातो त्या भोकाजवळ हळूहळू फिरवा. जिथे धूर सरळ वर न जाता आत वळतो, तिथून गार हवा येते आहे. स्वयंपाकघर खोलीला लागूनच असेल तर एक्झॉस्ट फॅनची खिडकी जरूर तपासा. पंखा बंद असताना ती म्हणजे भिंतीतलं फूटभर रुंद उघडं भोक असतं आणि कुणाच्याच लक्षात येत नाही.

खिडकीला फोमची चिकटपट्टी, दाराखाली रबरी पट्टी किंवा गुंडाळलेली जुनी चादर, रोशनदानाला आतून पुठ्ठा किंवा जाड प्लास्टिक. फरशीवर सतरंजी. गार फरशीवर पाय ठेवून बसलं की हवा २० अंश असली तरी थंडी वाजते. दोनशे-चारशे रुपयांत हे सगळं होतं. सगळी खोली मात्र हवाबंद करू नका. तीन माणसं झोपत असतील तर एखादी फट राहू द्या, नाहीतर सकाळी डोकं जड होतं.

खिडकी दक्षिणेला असेल तर नशीबवान आहात. डिसेंबरच्या अखेरीला दिल्लीत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३८ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन खोलीत बरंच आत येतं. ऊन असेल त्या दिवशी दुपारी पडदे पूर्ण उघडा आणि चार वाजता जाड पडदा ओढा. दलाल घर दाखवतो तेव्हा दिशा विचारायची सवय महाराष्ट्रात वास्तुशास्त्रापुरती असते, इथे ती बिलापुरती ठेवा.

खोलीला किती वॉट लागतात

दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरा. तिच्यातली नुसती हवा दहा अंशांनी तापवायला एक दशांश युनिटही लागत नाही. सगळी वीज जाते ती भिंती, फरशी, सामान तापवण्यात आणि बाहेर निसटणारी उष्णता भरून काढण्यात. मधल्या मजल्यावर, एकच भिंत बाहेरच्या बाजूला, एक खिडकी, आणि बाहेर ८ व आत १८ अंश अशी स्थिती असेल तर माझ्या हिशेबाने साडेतीनशे-चारशे वॉट सतत निसटतात. सुरुवातीच्या तापण्यासाठी वरचं धरून १००० वॉटचा हीटर पुरतो.

तीच खोली शेवटच्या मजल्यावर असेल तर काँक्रीटचा स्लॅब जवळजवळ तेवढीच उष्णता आणखी खातो. बरसाती, म्हणजे गच्चीवरची एकटी खोली, तर चारही बाजूंनी आणि वरून उघडी. तिथे १५०० ते २००० वॉट लागतात, आणि तरीही खोली फार वेळ उबदार राहत नाही. भाडं कमी म्हणून बरसाती घेणाऱ्यांनी हा खर्च भाड्यात मिळवून बघावा.

ढोबळ नियम हवाच असेल तर चौरस फुटाला १० वॉट. शेवटचा मजला किंवा दोन भिंती बाहेर असतील तर दीडपट.

रॉड, ब्लोअर, तेल

रॉडचा हीटर (क्वार्ट्झ, हॅलोजन, कार्बन ही त्याचीच भावंडं) हवा फारशी तापवत नाही. तो समोरच्या माणसाला तापवतो, उन्हासारखा. बटण दाबल्यावर मिनिटाच्या आत ऊब येते. क्वार्ट्झच्या हीटरला बहुधा ४०० वॉटच्या दोन नळ्या आणि दोन स्विच असतात. टेबलाखाली पायांकडे एकच नळी लावून बसलात तर चार तासांच्या अभ्यासाला दीड युनिट. एकट्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा किफायतशीर काही नाही. उणी बाजू अशी की तो विझवला की ऊबही गेली, आणि पाठ गारच राहते. शिवाय तो चालू ठेवून झोपता येत नाही. हे मत नव्हे, सक्त मनाई समजा. पलंगावरून घसरलेली रजई लाल नळीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

ब्लोअर म्हणजे पंख्यासमोर तापलेली तार. लहान खोली पंधरा मिनिटांत तापवतो, स्वस्त असतो, जागा अडवत नाही. आवाज करतो, धुळीचा वास देतो आणि बंद केला की खोली लगेच गार पडते, कारण त्याने फक्त हवा तापवलेली असते. सकाळी उठल्यावर वीस मिनिटं किंवा ऑफिसातून आल्यावर अर्धा तास, एवढ्या कामाला उत्तम. बाथरूममध्ये नेऊ नका. इथे बरेच जण नेतात, मी बघितलंय, ओल्या फरशीवर ठेवतात.

तेलाचा रेडिएटर, दुकानात ‘ओएफआर’ म्हणून मागायचा. आतलं तेल जळत नाही, संपत नाही, कधी भरावं लागत नाही. ते फक्त उष्णता धरून ठेवतं. तापायला वीस-तीस मिनिटं घेतो, मग थर्मोस्टॅट त्याला चालू-बंद करत राहतो आणि खोली एकसारखी उबदार राहते. आवाज नाही, लाल काही दिसत नाही. लहान मूल किंवा वयस्कर आईवडील घरात असतील आणि खोली रात्रीचे सहा-आठ तास उबदार हवी असेल तर हाच घ्या.

पण ९ पात्यांचा की ११ की १३, या चर्चेत फार अडकू नका. दोन्हींवर २००० वॉट लिहिलेलं असेल तर दोन्ही सारखीच उष्णता देतात. जास्त पाती असली की प्रत्येक पातं थोडं कमी तापतं, एवढंच. बघायचं ते असं: थर्मोस्टॅटची गोल कळ आहे का, कमी-मध्यम-जास्त असे वॉटचे टप्पे आहेत का, कलंडला तर आपोआप बंद होतो का, आणि आयएसआयची खूण आहे का. पंखा जोडलेलं मॉडेल २९०० वॉटपर्यंत जातं. दहा बाय दहाच्या खोलीला त्याची गरज नाही आणि जुन्या वायरिंगला ते झेपत नाही.

थर्मोस्टॅटची कळ पूर्ण फिरवून ठेवण्याची सवय मोडा. पूर्ण फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त थांबायचं कधी ते हीटरला कळत नाही. खोली बरी वाटली की कळ हळूहळू मागे आणा, ‘टक’ असा आवाज आला की तिथेच सोडा.

आणि ‘हीटर खोलीतला ऑक्सिजन जाळतो’ हे इथे प्रत्येक काकू सांगतील. विजेचा हीटर काही जाळत नाही. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, म्हणून घसा कोरडा पडतो आणि ओठ फुटतात. पाण्याचं भांडं ठेवलंत तर थोडा फरक पडतो, रात्री प्यायला बाटली जवळ ठेवलीत तर जास्त. ऑक्सिजन जाळते ती कोळशाची अंगीठी, आणि बंद खोलीत ती कार्बन मोनॉक्साइड सोडते, ज्याला वास नसतो. अंगीठी लावून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, ही बातमी दिल्लीच्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात येते. वीज गेली तरी खोलीत अंगीठी आणू नका.

उलटा चालणारा एसी

‘हॉट अँड कोल्ड’ एसी उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, आठ अंशांच्या हवेतही ती असते. त्यामुळे एक युनिट विजेत खोलीला तीन युनिटच्या आसपास उष्णता मिळते. सुरुवातीला म्हटलेला अपवाद तो हाच.

घरमालकाने बसवलेला एसी हॉट अँड कोल्ड आहे की नाही, हे रिमोटवरून ठरवू नका. पुष्कळ रिमोटांवर सूर्याचं चिन्ह असतं आणि मशीन फक्त थंड करणारं निघतं. यंत्राला चिकटवलेल्या लेबलवर ‘हीटिंग कपॅसिटी’ अशी वेगळी ओळ आहे का ते बघा. नवीन घेताना तिथला उष्णतेचा वॉटचा आकडा विजेच्या आकड्याने भागा. साडेतीनच्या वर आलं तर छान. तारे मोजून भागणार नाही, कारण आपल्याकडे एसीवरचे तारे थंड करण्याच्या कार्यक्षमतेचे असतात, गरम करण्याचे नव्हे.

वापरताना तीन गोष्टी. गरम हवा वर जाते आणि एसी असतो छताजवळ, म्हणून झडप पूर्ण खाली वळवा. तापमान २० ते २२ ठेवा, ३० वर लावून काही साधत नाही. आणि कडाक्याच्या धुक्याच्या रात्री मध्येच आतला पंखा थांबतो, बाहेरच्या यंत्रातून पाणी ठिबकतं, पाच-दहा मिनिटं काही होत नाही. यंत्र बिघडलेलं नाही, बाहेरच्या जाळीवर जमलेलं हिम ते वितळवत असतं. मेकॅनिकला बोलावून फेरीचे पैसे देऊ नका.

घ्यावा का? उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर साध्यापेक्षा सहा-आठ हजार जास्त मोजून हॉट अँड कोल्डच घ्या. तेवढ्यात वेगळा ओएफआर वाचला. दीड-दोन वर्षांत बदली होणार असेल तर नुसत्या दोन महिन्यांच्या थंडीसाठी नवा एसी बसवणं मला पटत नाही, काढणं-लावणं आणि गॅस भरणं यातच बचत जाते.

माणूस तापवा, खोली नको

विजेचं ब्लँकेट हा प्रकार महाराष्ट्रात फारसा दिसत नाही, म्हणून लोक घाबरतात. एका माणसाचं ब्लँकेट ६० ते १०० वॉटचं असतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढं. गादीवर चादरीखाली सपाट अंथरायचं, झोपण्याआधी अर्धा तास लावायचं, वरून रजई. आत शिरलात की ऊब तयार असते. घडी घालून किंवा चुरगळून चालवायचं नाही, टाचण्या टोचायच्या नाहीत, आणि तान्ह्या बाळासाठी वापरायचं नाही. पीजीत सब-मीटर (घरमालकाने खोलीपुरता लावलेला वेगळा मीटर) असेल तर यासारखा मित्र नाही.

बिलाचं गणित

महिन्याला ३० दिवस आणि सब-मीटरचा दर ९ रुपये धरू. मधल्या मजल्यावरची तीच दहा बाय दहाची खोली रोज पाच तास ओएफआर किंवा ब्लोअरने तापवली तर थर्मोस्टॅटच्या विश्रांतीसह रोज चारेक युनिट, महिन्याला १२०, म्हणजे १,०८० रुपये. तेच काम एसीने केलं तर ४५ युनिटांच्या आसपास, चारशे रुपये. टेबलाखाली ४०० वॉटची एक नळी चार तास: ४८ युनिट, ४३२ रुपये. ८० वॉटचं ब्लँकेट रात्रभर, आठ तास: १९-२० युनिट, पावणेदोनशे रुपये. एकट्या माणसाने नळी आणि ब्लँकेट दोन्ही वापरली तरी सगळी खोली तापवण्यापेक्षा साडेचारशे रुपये वाचतात.

दिल्लीत स्वतंत्र मीटर असेल तर हिशेब बदलतो. महिन्याला २०० युनिटपर्यंत सरकारी अनुदानाने बिल शून्य येतं. २०१ ते ४०० युनिटांना निम्मी सूट, तीही जास्तीत जास्त ८०० रुपये. अनुदानासाठी अर्ज केलेला असावा लागतो, भाडेकरूलाही तो करता येतो. तुमचा नेहमीचा वापर १२० असेल तर हीटरला ८० युनिटांची मोकळीक आहे. ओएफआर ती वीस दिवसांत संपवतो आणि बिल शून्यावरून एकदम पैशांवर येतं. नळी, ब्लँकेट किंवा एसी २०० च्या आत राहू देतात.

नोएडा उत्तर प्रदेशात, गुडगाव हरियाणात, तिथे दिल्लीचं हे अनुदान नाही. मोठ्या सोसायट्यांत प्रीपेड मीटर असतं आणि त्यात दोन दर, एक ग्रिडचा आणि एक जनरेटरचा. जनरेटरचा बराच चढा असतो. वीज गेल्यावर हीटर चालूच राहिला तर पैसे झपाट्याने कापले जातात, किंवा बॅकअपची मर्यादा ओलांडून सगळं घर बंद पडतं. जनरेटर लागला की पहिलं काम, हीटर बंद.

आणल्यावर पहिल्या रात्री

नवा हीटर पहिल्यांदा लावाल तेव्हा थोडा जळका वास येतो, खिडकी उघडून अर्धा तास तसाच चालवा. दुसऱ्या दिवशीही वास राहिला तर परत करा. त्या अर्ध्या तासानंतर हीटर बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळच्या प्लॅस्टिकला हात लावा. कोमट चालेल. चटका बसत असेल किंवा सॉकेट तपकिरी पडलं असेल तर सॉकेट बदलल्याशिवाय पुन्हा लावू नका. एक्स्टेन्शन बोर्ड वापरूच नका. पडदा, गादी, पुस्तकांचा गठ्ठा, सगळं तीन फूट लांब. ओले मोजे ओएफआरवर वाळत घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. वाळवायचेच तर शेजारी खुर्चीवर टाका, हीटर झाकू नका.

झोपण्याआधी मीटरचा आकडा फोनमध्ये टिपून ठेवा, सकाळी उठल्यावर पुन्हा बघा. फ्रिज आणि राउटरचं रात्रभरात अर्धं-एक युनिट जातं, ते वजा करा. उरलेला आकडा तुमच्या हीटरचा, तुमच्या खोलीत. तो पाच-सहाच्या वर गेला असेल तर दुसरा हीटर शोधण्याआधी उदबत्ती घेऊन पुन्हा एकदा खिडक्यांपाशी फिरा.